शैलाचं रीडिंग

शैला, तुझ्याबाबतीत घडलेली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. आणि जिला सांगायलाच हवी होती त्या तुला तर नाहीच. सवड मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. लग्नानंतर तू डोंबिवलीत माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायचीस, आठवड्यातून एकदा तरी जिना चढून यायचीस, मी केलेला बेचव चहा न बोलता प्यायचीस. मी टाळत राहिलो. टाळायची सवय जुनी झाली की ती आपल्याला आपला स्वभाव वाटायला लागते.

तुझे दिवस झाल्यावर मृणाल आली. "सर, आम्ही आईच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक करतोय. घरातलेच वाचतील. तुम्ही तिला कॉलेजपासून ओळखता, तुम्ही लिहाच." तुझ्या लेकीला तोंडावर नाही म्हणवेना. ती गेल्यावर लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'शैला अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि प्रामाणिक होती.' मग लक्षात आलं, हेच शब्द मी नोकरीभर मुलांच्या दाखल्यांवर लिहीत आलो, कित्येकदा चेहरासुद्धा न आठवता. शेवटच्या शब्दापाशी हात थांबला. तुझ्या प्रामाणिकपणाचा दाखला मी कोणत्या तोंडाने देऊ? तुला खोटं लिहायला पहिल्यांदा मीच लावलं.

मृणाल, हे वाचल्यावर मला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव. आत्ता मला तुझ्या आईशी बोलायचं आहे.

शैला, तू कल्याणला आमच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आलीस तेव्हा मी नुकताच लागलो होतो. तू खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील होडीवर, आई डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायला. पहिल्याच आठवड्यात उभी राहून विचारलंस, "सर, वागळे इस्टेटला औषधांच्या कंपनीत पांढरा कोट घालून काम करतात ते कोण असतात?" मी म्हटलं, केमिस्ट. "मग मला तेच व्हायचंय." मागच्या बाकांवरून कुणीतरी मासळीच्या वासाबद्दल काहीतरी पुटपुटलं आणि वर्ग हसला. मी ऐकलं नाही असं दाखवून फळ्याकडे वळलो. तेव्हापासूनच मी तसा होतो बघ.

आमच्या प्रॅक्टिकलची एक रीत होती. ती तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या तुझ्या नातवंडांसाठी लिहितो. फ्लास्कमध्ये मोजून ॲसिड घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचेच्या नळीत, कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते थेंब थेंब सोडत जायचं. पाण्यासारखं दिसणारं ॲसिड एका थेंबाला फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. तीनदा करायचं, आकडे जुळले पाहिजेत. मग ते जर्नलमध्ये लिहायचे, सरांची सही घ्यायची. सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही.

ही झाली पुस्तकातली रीत. खरी रीत अशी, की सकाळची बॅच सुटली की जिन्यात दुपारची बॅच तिला गाठायची. "काय रे, किती आलं?" "दहा." मग दुपारी सगळ्यांचंच दहा यायचं. हुशार मुलं नऊ पॉइंट नऊ, दहा, दहा पॉइंट एक असं लिहून ते खरं वाटेल इतकी सोय करायची. मला हे माहीत होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. आम्हीही तसेच पास झालो होतो.

त्या दुपारी तू जर्नल घेऊन आलीस आणि म्हणालीस, "सर, बारा पॉइंट चार."

"परत कर."

तू परत केलंस. "बारा पॉइंट चारच येतंय, सर."

"शैला, सगळ्या बॅचचं दहा आलंय. तुझं एकटीचं बारा?"

"मग सगळ्यांचं दहा कसं आलं, सर?"

तू भोळेपणाने विचारलंस. पण लॅबमधली पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. तू मला पकडलंस असं मला वाटलं. कोळीवाड्यातून आलेली सोळा वर्षांची पोर मला शिकवणार? हो, हे असंच मनात आलं. आता कशाला सोवळं करून लिहू.

मी तुझ्या टेबलापाशी आलो. तुझा फ्लास्क उभा होता, आतलं पाणी स्वच्छ, बिनरंगाचं. हवा लागली की तो फिकट रंग थोड्या वेळाने आपोआप उडतो. तो कधी आला आणि किती फिकट होता, याला तुझ्या डोळ्यांशिवाय साक्षीदार नव्हता.

मी मोठ्याने म्हणालो, "फिकट गुलाबी आला की थांबायचं असतं. तू गडद होईस्तोवर सोडत बसतेस. तुला फिकट रंग दिसतच नाहीत."

"मी पहिल्याच रंगाला थांबले, सर."

"मग एक तर हातात खोट आहे, नाही तर डोळ्यांत. हात तर ठीक दिसतायत."

पोरं खदखदून हसली. "सर, हिला गुलाबी काचांचा चष्मा द्या!" तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. जर्नल तुझ्यापुढे सरकवलं आणि म्हणालो, "दहा लिही. तरच सही." तू खोडरबर मागून घेतलंस, आकडा खोडलास आणि दहा लिहिलंस. मी लाल शाईने सही केली.

लॅब रिकामी झाली, मुलं खाली गेली, तरी तुझा प्रश्न जाईना. मी स्वतः एक ब्युरेट भरली. थेंब सोडत गेलो. दहाला काही नाही. अकराला काही नाही. गुलाबी रंग आला तो बारा पॉइंट चारला. दुसऱ्यांदाही तिथेच.

मग आठवलं. सकाळच्या बॅचने द्रावण संपवलं होतं, म्हणून दुपारी मी घाईत नवं केलं होतं. कॉस्टिक सोड्याच्या बरणीचं झाकण नीट लावलेलं नव्हतं. त्याच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून घेतात, हे मी तुम्हाला पहिल्याच तासाला सांगितलेलं. बरणीत चमचा घातला तर गोळ्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी सोडा म्हणून जे वजन केलं त्यात बरंचसं पाणीच होतं. द्रावण कच्चं झालं, म्हणून जास्त लागत होतं. त्या दुपारी लॅबमध्ये खरं रीडिंग एकटीने घेतलं होतं, ते तू. बाकी सगळ्यांनी जिन्यातला आकडा लिहिला होता.

मी ते द्रावण बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, आणि सांगायचं म्हणजे सगळ्या बॅचचे आकडे खोटे हेही मान्य करायला हवं होतं. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण त्यापेक्षा लहान आहे. ज्या पोरीवर सगळ्यांना हसवून तिला गप्प केलं, तिच्यासमोर सगळ्यांदेखत "मी चुकलो" म्हणायचा धीर मला झाला नाही.

तरीही एवढंच असतं तर कदाचित ते विरून गेलं असतं. पुढच्या आठवड्यात तुझे वडील कॉलेजात आले. पायांतल्या चपला दाराबाहेर काढून स्टाफरूमच्या उंबऱ्यात उभे राहिले. "सर, माझ्या पोरीच्या डोल्यांत खोट हाय असा तुमी बोललाव?"

मी म्हणालो, "तसं काही मोठं नाही."

"ती जेवत नाय. पन मी बोलतो, एसिडचा काम. रंग नाय दिसला नि हातावर सांडला तं? पोरीची जात. कॉमर्सला घालू का तिला?"

तेव्हा मला सगळं माहीत होतं, शैला. बेसिनमध्ये ओतून झालं होतं. समोर तुझा बाप माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि मी काय म्हणालो? "तेही चांगलंच आहे." त्यांनी मला हात जोडले. पोरीची काळजी घेणारा मास्तर म्हणून हात जोडले.

तू कॉमर्सला गेलीस. पुढे वागळे इस्टेटला औषधांच्याच कंपनीत लागलीस, पण स्टोअरमध्ये. लॅबला लागणाऱ्या बाटल्या तू मोजून द्यायचीस. एकदा हसत सांगितलं होतंस, "फिनॉल्फ्थॅलिनची बाटली दिली की तुमची आठवण येते, सर." तुझ्या साहेबांनी तुझी नजर आणि शिस्त पाहून लॅबमध्ये मदतनीस म्हणून बोलावलं होतं, शिकवूही म्हणाले होते. तूच नको म्हणालीस. "उगाच कुणाच्या औषधात चूक व्हायची. मला फिकट रंग कळत नाहीत ना." ही गोष्ट तू मला गमतीची म्हणून सांगितलीस. मी हसलो. मला हसता आलं!

ठळक रंगांबद्दल तुला कधी शंका नव्हती. फक्त फिकट रंगांवरचा तुझा विश्वास गेला होता, आणि एवढंसं नेमकं गेलेलं माणसाला तपासून बघता येत नाही. साडी घेतलीस की मला दाखवायला यायचीस. "सर, ही अबोली की गुलाबी? मला अबोली वाटतेय." ती अबोलीच असायची. "ही मोतिया ना? की पांढरीच?" मोतियाच असायची. तू एकदाही चुकली नाहीस. मी तुला सांगायचो, "बरोबर आहे तुझं." आणि तू म्हणायचीस, "अंदाजाने म्हटलं."

आमच्या इमारतीखाली मासेवाल्या बसतात. मी शाकाहारी माणूस, त्यांच्याकडे गॅलरीतून बघणारा. तू एकदा तिथे उभी होतीस. पापलेटाचा कल्ला उघडून समोरचीला म्हणालीस, "बघ गं, ताजं आहे का? रंग कसा वाटतो?" ती तुझ्या माहेरच्या आळीतलीच असावी. टोपलीवर हात आपटून ओरडली, "अगो बाय, कोल्याची पोर नि कल्ला दुसरीला दाखवते! आयशीनं ऐकला असता तं खाडीत उडी टाकली असती!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मी आत आलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. सुमन म्हणाली, "अहो, उकडतंय." मी म्हटलं, वास येतोय.

तुझी आई कल्ल्यांच्या रंगावरून मासा सकाळचा की कालचा ते सांगायची. तूही लहानपणी सांगायचीस, हे तू मला फार नंतर सांगितलंस. सोळाव्या वर्षापर्यंत तुझे डोळे रोज परीक्षा देत होते आणि पास होत होते. मग एका मास्तराने त्यांना नापास केलं, आणि तुम्ही सगळ्यांनी मास्तराचं ऐकलं.

मृणाल बारावीला असताना तू तिला माझ्याकडे आणलंस. तिचं जर्नल बघताना मी विचारलं, "हे तिन्ही आकडे इतके सारखे कसे?" ती म्हणाली, "आईने सांगितलंय, आधी दुसऱ्या बॅचला विचारायचं, मग लिहायचं." मी इतका भडकलो की पोर रडायला लागली. त्या संध्याकाळी तू आलीस.

"सर, पोरीला कशाला रागावलात? आकडा जुळला नाही तर सही कोण देणार तिला?"

"दिसलं तेच लिहायचं, शैला. प्रयोगाचा अहवाल म्हणजे साक्ष असते."

तू म्हणालीस, "मी तेच करत होते ना, सर."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

"तुझं... तेव्हा पद्धतच तशी होती."

"म्हणजे पद्धत बदलली, की तुम्ही बदललात?"

हा वाद आपण पुढे किती वेळा घातला असेल! तू चिडायची नाहीस, खोडी काढायचीस. "काय, सत्यवादी मास्तर," म्हणायचीस दारातूनच. मी नंतरच्या वर्षांत जर्नलच्या बाबतीत फार कडक झालो होतो. चुकीचं का होईना पण स्वतःचं रीडिंग आणणाऱ्याला मी जास्त मार्क द्यायचो. कॉलेजात माझं कौतुक व्हायचं. ते कौतुक ऐकताना मला खोडरबर मागणारी मुलगी दिसायची. तू मात्र शेवटपर्यंत विचारत राहिलीस, की सर एवढे कशामुळे बदलले, आणि मी दर वेळी विषय मृणालच्या मार्कांवर नेला.

सुमन गेली तेव्हा तू होतीस. महिनाभर तांदळाच्या भाकरी आणि भाजीचा डबा आणायचीस, माझ्यासाठी वेगळी भांडी काढलीयत हे आवर्जून सांगायचीस. दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी मला बँकेत नेलंस. "चला, जिवंत आहात ते दाखवून येऊ." काउंटरवरच्या मुलीने एकदा विचारलं, मुलगी का? तू म्हणालीस, "स्टुडंट." केवढ्या अभिमानाने म्हणालीस. मी तुला जेमतेम एक वर्ष शिकवलं होतं, आणि त्यात काय शिकवलं ते मला माहीत होतं.

मग तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात तू आलीस, काळा चष्मा लावून, जिना धरत धरत. बसायच्या आधीच म्हणालीस, "सर, गंमत ऐका. मी डॉक्टरांना म्हटलं, मला फिकट रंग दिसत नाहीत, तेही बघा. त्यांनी ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, आणखी काय काय दाखवलं. म्हणाले, काकू, रंग तुम्हाला अगदी छान दिसतात. कोणी सांगितलं दिसत नाहीत म्हणून?"

मी चहाचं आधण ठेवत होतो. पाठ तुझ्याकडे होती.

"तू आधी कधी तपासून घेतलं नव्हतंस?"

"नाही. तुम्ही सांगितलं होतं ना."

गॅस पेटला. मी म्हणालो, "मोतीबिंदू काढला की रंग सुधारतात, शैला. स्वच्छ दिसायला लागतं."

"पण सर, सोळाव्या वर्षी कुठे होता मोतीबिंदू?"

सांगायची याहून सरळ वेळ कुणाला मिळते? तू प्रश्न विचारला होतास. उत्तर माझ्याकडे तयार होतं. दारात कुणी नव्हतं, नोकरी कधीच संपली होती, हसणारी मुलं आता आजोबा झाली होती. आणि मी म्हणालो, "वयाबरोबर डोळे बदलतात गं."

तू चष्मा काढून माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "हो का." मग चहा प्यायलास, कप स्वतः विसळून ठेवलास आणि गेलीस.

त्या 'हो का'चा अर्थ मी अजून लावतो आहे. तुला कळलं होतं का? कळूनही तू मला सोडून दिलंस का? की तुझा अजूनही माझ्यावरच विश्वास होता, डॉक्टरपेक्षाही जास्त? यातलं काय सोसवेल ते मला ठरवता येत नाही. पहिला अपराध तरुण आणि घाबरट माणसाचा होता. हा दुसरा तर मी चांगला म्हातारा होऊन, सगळं समजून केला.

त्यानंतर तू साड्या विचारायला आली नाहीस. हे माझ्या लक्षात आलं होतं.

आता घरात मला फिकट रंग सोसवत नाहीत. आमसुलाच्या पाण्यात थोडं जास्त पाणी पडलं की पेल्यात तोच रंग येतो. मी तो बघत बसतो आणि तू मागे जर्नल घेऊन उभी आहेस असं वाटतं. वळत नाही. तू काही म्हणत नाहीस, नुसती सहीसाठी थांबलेली असतेस. शेवटी पेला तसाच ओतून देतो. ओतून देणं मला चांगलं जमतं.

तुला ठाण्याच्या हॉस्पिटलात हलवल्याचं मृणालने कळवलं, तेव्हा मी ठरवून निघालो. रिक्षात वाक्यं घोकत होतो, तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, काय म्हणालात?" मी म्हटलं, तुला नाही.

तुझ्या नाकाला नळी होती. हात सुजले होते. मृणाल म्हणाली, "सर, तुम्ही बसता का थोडं? मी खालून औषधं घेऊन येते." ती गेली. खोलीत आपण दोघंच उरलो. तू डोळे उघडलेस. बोलताना धाप लागत होती.

"सर... एवढ्या लांब आलात."

"हो."

"काही सांगायचंय का?"

तू हे का विचारलंस, शैला? मी तुझ्या पांघरुणाची कड सारखी करत राहिलो. माझे ओठ हलत होते, ते तू बघत होतीस. थांबली होतीस. आणि मी म्हणालो, "नाही गं. आधी बरी हो."

तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. मृणाल औषधं घेऊन आली. मी उठलो.

तेव्हा जे म्हणायचं होतं ते असं होतं. शैला, त्या दिवशी द्रावण मी बिघडवलं होतं. ते मला त्याच संध्याकाळी कळलं. तुझ्या वडिलांशी बोलताना मला माहीत होतं, आणि तू ऑपरेशननंतर विचारलंस तेव्हाही माहीत होतं. तू जे पाहिलंस ते खरं होतं. तुझ्या डोळ्यांत काही खोट नव्हती, कधीच नव्हती. तुझा पांढरा कोट मी काढून घेतला, आणि तो मला परत देता येत नाही. मला माफ कर, असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणतो. मला माफ कर, पोरी.